फ्लेक्सवरची सही

प्रशीलला सह्या करायची भारी हौस. जळगावात त्याच्या वॉर्डात गटार तुंबलं की निवेदन, रस्त्यावरचा दिवा गेला की निवेदन, आणि प्रत्येक निवेदनाखाली पहिली सही त्याची, चांगली लफ्फेदार, खाली दोन टिंबं. गटार तुंबलेलंच राही, पण सहीचा फोटो सगळ्या वॉर्डाच्या फोनवर जाई. रक्तदान शिबिराच्या प्रमाणपत्रांवरही सही त्याचीच. स्वतः त्यानं उभ्या जन्मात रक्ताचा थेंब दिला नव्हता. हे सविताला पक्कं ठाऊक होतं, कारण ती त्याची बायको होती आणि धुळ्याच्या एका लॅबमध्ये रक्त काढायचंच काम करत होती. लग्नानंतर एकदा तिनं त्याच्या दंडाला पट्टी आवळली, तर सुई टोचायच्या आधीच हा गडी घामाघूम होऊन खुर्चीवरून घसरला होता.

आणि आता नेमकी याच माणसाची एक सही तिला हवी होती, आणि तेवढी एकच तो करत नव्हता.

त्यांची मुलगी संघमित्रा. घरात सगळे मित्रा म्हणत. वय तेरा, आणि खेळ दोरीवरच्या उड्यांचा. त्यात काय मोठं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तिचा सराव बघावा. पहिल्या चार उड्यांनंतर दोरी दिसतच नाही, नुसता आवाज येतो. शाळेच्या प्रेमराज सरांनी तिला तालुक्यापासून राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत नेलं, आणि तिथून तिचं नाव थेट कोलंबोच्या स्पर्धेच्या यादीत लागलं. सरांनी घरी येऊन पेढे दिले आणि जाता जाता सांगितलं, महिन्याभरात पासपोर्टचा नंबर कळवा. नाही कळवला तर राखीव यादीतली मुलगी जाईल. मित्रानं ते ऐकलं आणि अर्धा पेढा तसाच हातात धरून बसली.

पासपोर्टचा अर्ज भरून द्यायचं काम बसस्टँडजवळच्या छगनचं. छगनच्या दुकानात सातबारापासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत सगळं ऑनलाइन निघतं, आणि सगळ्याबद्दल छगनला सगळं माहीत असतं.

"ताई, मूल अठराच्या आतलं असलं की आई-बाप दोघांच्या सह्या," त्यानं स्क्रीनवरून नजर न हलवता सांगितलं. "बापाची सही नसली तर फाइल हातातच घेत नाहीत."

"आणि बाप वेगळा राहत असेल तर?"

"वेगळा राहिला म्हणून बाप बदलतो का ताई?" छगन आपल्याच बोलण्यावर हसला आणि दोघांच्या संमतीचा नमुना प्रिंट करून तिच्यापुढे सरकवला. पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारची तारीखही काढून दिली.

लॅबमध्ये डॉक्टरनं लिहिलेला आकडासुद्धा दोनदा तपासणारी सविता, छगनच्या तोंडच्या वाक्यावर डोळे मिटून विसंबली. याचा राग तिला पुढं फार आला.

प्रशीलला सोडून तिला सात वर्षं झाली होती. त्यानं मारलं नव्हतं, दारूही पीत नव्हता. लोक म्हणत, मग सोडलं कशाला? आता लोकांना काय सांगणार? मित्रा सहा वर्षांची असताना तापानं फणफणली होती, आणि हा पाणपोईची फीत कापायला गेला. संध्याकाळी परत आला तो गळ्यात हार घालून. पोरीच्या कपाळाला हात लावून बघण्याआधी त्यानं हार काढला, तिच्या उशाशी ठेवला आणि म्हणाला, "बघ, पप्पांना काय मिळालं." दुसऱ्या आठवड्यात सविता मुलीला घेऊन धुळ्याला वडिलांकडे आली. घटस्फोटाचं नाव काढलं की प्रशील म्हणे, "कोर्टकचेरी आपल्याला शोभत नाही." त्याला काय शोभतं हे त्याच्या बॅनरवरून कळायचं. मित्राचा वाढदिवस बारा एप्रिलला. शुभेच्छांचा बॅनर लागायचा चौदाला, जयंतीच्या बॅनरसोबत, म्हणजे एका फ्लेक्समध्ये दोन कामं. त्या बॅनरचा फोटो तेवढा दरवर्षी फोनवर येई. फोन कधी येत नसे.

आता मात्र तिनं फोन केला, आणि त्यानं तो पहिल्याच रिंगला उचलला.

"सहीचं काय एवढं! बाप आहे मी तिचा," प्रशील म्हणाला. "पण लेकीच्या भविष्याची सही अशी कुरियरनं मागवायची का? रविवारी या तिघं. आबांनाही आणा. छोटासा घरगुती कार्यक्रम ठेवू."

सविताचे वडील भिकन आबा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. तिकीट न काढणारा माणूस ते चेहऱ्यावरून ओळखत. त्यांनी एवढंच विचारलं, "सहीले कार्यक्रम कसाले लागस वं?"

"लागस त्याले," सविता म्हणाली.

रविवारी सकाळच्या जळगाव गाडीत तिघं बसले. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. मित्रा खिडकीशी, मांडीवर बॅग, बॅगेत दोरी. ती दोरी ती शाळेतही नेत असे आणि जेवतानाही शेजारी ठेवत असे. सविताच्या पर्समध्ये छगननं दिलेला कागद होता, तिची सही केलेला, प्रशीलच्या नावापुढची जागा कोरी. तिनं दोन पेनं घेतली होती, एक चाललं नाही तर दुसरं असावं म्हणून.

घरगुती कार्यक्रम म्हणजे काय, ते रिक्षातून उतरल्यावर कळलं. वॉर्डातलं सभागृह, शंभरेक खुर्च्या, सनईची रेकॉर्ड, आणि दारावर बॅनर. मधोमध गॉगल लावलेला, हात जोडलेला प्रशील, माणसाच्या उंचीचा. खाली मित्राचा तिसरीतला फोटो, पुढचे दात पडलेले. आणि कोपऱ्यात स्वतः सविता. लग्नाच्या फोटोतून कापून काढलेली, मुंडावळ्या पुसायचा प्रयत्न फसलेला, आणि खाली अक्षरं: सौ. सविताताई. सात वर्षांत ज्यानं तिला साधं 'जेवलीस का' विचारलं नव्हतं, त्यानं तिला एका रात्रीत ताई करून टाकलं होतं. तेव्हाच तिनं रिक्षा परत फिरवायला हवी होती. पण पर्समध्ये कागद होता आणि कागदावर जागा कोरी होती.

आत गेल्यावर मात्र ती बघतच राहिली. व्यासपीठावर मागच्या भिंतीला पासपोर्टचा तोच संमतीचा नमुना लावला होता. फ्लेक्सवर छापलेला, सहा फूट उंच. फोनवर तिनं पाठवलेल्या कागदाचाच फोटो मोठा केलेला. जिथं बापानं सही करायची तिथं लाल चौकट आखलेली. मुलीची जन्मतारीख त्यानं स्वतः टाकून घेतली होती: चौदा एप्रिल.

"मम्मी, तारीख," मित्रा कानात म्हणाली.

"गप्प बस," सविता म्हणाली, आणि म्हणताना तिचीच मान खाली गेली.

प्रशील बोलायला उभा राहिला. बोलणं त्याला येई, ते कुणी नाकारत नव्हतं. "बंधूंनो आणि भगिनींनो, सम्राट अशोकानं आपली लाडकी लेक संघमित्रा धम्मासाठी समुद्रापार सिंहलद्वीपाला पाठवली. आज तुमच्या या प्रशीलची संघमित्रा त्याच श्रीलंकेला निघाली आहे! तिकडं सम्राट होता, इकडं तुमच्यातलाच एक कार्यकर्ता आहे. पण बापाचं काळीज तेच!"

टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं डोळे पुसले. सविताला वाटलं, त्या संघमित्रेला बोधिवृक्षाची फांदी घेऊन जहाजात चढायचं होतं, एवढंच काम होतं. बापाच्या लाल चौकटीपुढं तिष्ठत बसायची पाळी तिच्यावर आली नव्हती. आणि तिच्या बापाला निदान तिचं वय तरी ठाऊक असणार.

"बेटा, या सगळ्यांना जरा दोन उड्या मारून दाखव," प्रशील माइकवर म्हणाला.

गळ्यात नुकताच घातलेला हार मित्रानं काढून खुर्चीवर ठेवला आणि दोरी घेतली. व्यासपीठाच्या फळ्या सैल होत्या, पण तिला सुरुवात करायला दोन क्षण लागले, तेवढेच. मग दोरी दिसेनाशी झाली आणि आवाज सुरू झाला. रेकॉर्डवाल्यानं सनई बंद केली. मागं उभी असलेली माणसं पुढं सरकली. त्या पोरीनं कुणाकडेच बघितलं नाही, आणि त्या अर्ध्या मिनिटात सविताला आपण कुठं आणि कशासाठी आलोय याचा पार विसर पडला. आता यात बाप कसा दिसणार? म्हणून प्रशील फोटोत यायला आशीर्वादाचा हात वर करून चालत्या दोरीजवळ सरकला. दोरीनं त्याचा गॉगल उडवला. गॉगल पहिल्या रांगेत पडला. मित्रा थांबली, पण सॉरी म्हणाली नाही.

मग सहीचा सोहळा. प्रशीलनं जाड मार्कर उघडला, गर्दीकडे तोंड करून, मान वळवून, लाल चौकटीत हातभर लांब सही ठोकली. खाली दोन टिंबं. ती टिंबं देताना तो क्षणभर थांबला, फोटोवाल्याला वेळ मिळावा म्हणून. हारतुरे झाले, आबांना शाल मिळाली. आबांनी ती घडी न मोडता मांडीवर ठेवली.

लोक चहाकडे वळले तसा सवितानं पर्समधून खरा कागद काढला. "यावर कर आता."

"आत ये जरा," प्रशील म्हणाला.

आतल्या खोलीत सतरंज्यांचा ढीग आणि एक टेबल होतं. टेबलावर आधीच एक कागद मांडून ठेवला होता. प्रशीलनं दार लोटलं. गॉगल नसला की त्याचे डोळे बारीक आणि घाबरट दिसत. हे ती विसरली होती.

"वॉर्ड महिला राखीव झालाय," तो म्हणाला.

"मग?"

"मग म्हणजे काय? तुझं नाव अजून इथल्याच मतदार यादीत आहे. शिकलेली आहेस, मेडिकल लाइनमधली आहेस. निवडणूक होईपर्यंत दोन महिने इथं येऊन राहा. लोकांना कुटुंब दिसलं पाहिजे, आज दिसलं तसं. निवडून आलीस की खुशाल जा धुळ्याला, इथलं सगळं मी बघतो. तुझी फक्त सही लागेल." त्यानं टेबलावरचा कागद पुढं सरकवला. आपण पतीसह एकत्र राहत असून उमेदवारीस इच्छुक आहोत, असं त्यावर टाइप केलं होतं. "तू माझ्या कागदावर कर, मी तुझ्या कागदावर करतो. हाय काय नि नाय काय."

सवितानं कागद वाचला. तिला वाटलं होतं, याला मान हवा असेल, फार तर माफी हवी असेल. याला खुर्चीवर ठेवायला बायको हवी होती, आणि त्यासाठी यानं पोरीची दोरी धरून ठेवली होती. इतका लहान माणूस आपण सात वर्षं मनात मोठा करून ठेवला, त्याला घाबरलो, त्याच्यावर रडलो, याची तिला शिसारी आली.

तरी तिनं पेन उघडलं. कुणी विचारलं असतं तर तिनं खरं सांगितलं असतं, हो, उघडलं. दोन महिने. एक खोटा कागद. बदल्यात कोलंबो. पेनाचं टोक कागदाला टेकलंसुद्धा, 'स' उमटला.

दार ढकलून मित्रा आत आली. तिनं टेबलावरचा कागद वाचला, उभ्याउभ्या, सगळा. मग म्हणाली, "मम्मी, बस जाईल."

"दोन मिनिटं, बेटा," प्रशील म्हणाला.

"तुम्हाला नाही म्हटलं," मित्रा म्हणाली.

सवितानं पेनाला टोपण लावलं. संमतीचा कागद पर्समध्ये गेला, प्रशीलची जागा तशीच कोरी. बाहेर पडताना प्रशील मागून म्हणत होता, "नाक घासत येशील. बापाशिवाय पासपोर्ट निघत नसतो!"

परतीच्या गाडीनं पाळधी मागं टाकलं. मग आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बठ्ठा लोकेस्ना समोर सही करी, पन कागदवर नही करी. चाळीस वरीस एसटीमा काढात मी, आसा फुकट्या देखा नही." शाल त्यांनी सीटवरच सोडली.

मंगळवारी जायचं की नाही यावर सविता दोन दिवस घुटमळत राहिली. सही नाही, मग जाऊन काय तोंड दाखवायचं? मित्रा म्हणाली, "नाही म्हणायचं तर ते त्यांना म्हणू दे ना. आपणच कशाला म्हणायचं?" म्हणून दोघी गेल्या.

पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात काउंटरवर पन्नाशीच्या एक बाई होत्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी जन्मदाखला बघितला, आधार बघितलं, आणि संमतीच्या नमुन्यावर बोट ठेवलं. "वडिलांची सही?"

आता काय सांगायचं? सवितानं फोन काढला आणि प्रशीलनंच पाठवलेला सभागृहातला व्हिडिओ लावून दिला. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. संतापानं माणूस काहीही करतो. बाईंनी चष्मा चढवून सगळा व्हिडिओ बघितला. सम्राट अशोक, गॉगल, मार्कर, दोन टिंबं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"ही चालणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला ती लागतेच कशाला? हे तुमच्यासोबत राहतात का?"

"नाही. सात वर्षं झाली."

"मुलीच्या ताब्याबद्दल कोर्टात केस? काही आदेश?"

"काहीच नाही."

"मग दोघांच्या संमतीचा हा नमुना तुमच्यासाठी नाहीच. एकट्या पालकाचा नमुना वेगळा असतो. दुसरा पालक वेगळा राहतो, संमती देत नाही, मूल माझ्याकडे आहे आणि जबाबदारी माझी, असं तुम्ही स्वतः लिहून द्यायचं. साइटवर आहे तो. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट आणा आणि भरून द्या."

सवितानं काउंटरवरचा नमुना परत घेतला. म्हणजे ते जळगाव, ती सनई, तो 'सौ.', तो अर्धवट 'स', काहीच लागत नव्हतं. मनातल्या मनात तिनं छगनला अशा शिव्या घातल्या, ज्या तिनं कधी तोंडानं उच्चारल्या नव्हत्या. पण छगनला शिव्या घालून भागेना. छगननं विचारलं असतं तर ती खरं बोलली असती का? 'बाप वेगळा राहत असेल तर', एवढंच ती म्हणाली होती, तेही दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसं. शाळेत तिनं सांगितलं होतं, मिस्टर कामानिमित्त जळगावला असतात. कॉलनीत तेच. लॅबमध्ये तेच. प्रशील फ्लेक्सवर कुटुंब छापत होता आणि ती तोंडानं. खोटं दोघांचं एकच होतं. छगनचं वाक्य तिला पटकन पटलं, कारण त्या वाक्यामुळं तिला काही कबूल करावं लागत नव्हतं.

समोरच्या दुकानातून प्रिंट आणली. बाकावर बसून कारणाच्या ओळीवर ती पोचली तेव्हा पेन पुन्हा अडलं. शेजारी अनोळखी माणसं बसली होती आणि तिला वाटलं, सगळी वाचतायत. मग तिनं लिहिलं: पती सात वर्षांपासून वेगळे राहतात. मुलीचं काहीही करत नाहीत. मागूनही संमती देत नाहीत. अक्षर सरळ आलं. जळगावच्या कागदावरच्या त्या 'स'पेक्षा कितीतरी चांगलं आलं.

काउंटरवर बाईंनी ते वाचलं आणि मान डोलावली. "पोलीस घरी येतील चौकशीला, त्यांनाही हेच सांगा. आणखी एक. एकट्या पालकाचा अर्ज आहे, तेव्हा वडिलांचं नाव पासपोर्टवर छापायचं नसेल तर तसं करता येतं. काढू?"

सविताच्या जिभेवर उत्तर तयारच होतं. सात वर्षांचा सगळा राग त्या एका शब्दात मावणार होता. ती 'काढा' म्हणणार, तेवढ्यात मित्रा काउंटरवर कोपर टेकून पुढं झाली.

"राहू द्या मॅडम," ती म्हणाली. "त्यांना नाव छापून हवं असतं. बाकी काही नाही."

बाईंचा हात कीबोर्डवर थांबला. त्यांनी चष्म्यावरून सविताकडे बघितलं. सवितानं मुलीकडे बघितलं. पोरीच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं, काहीच नव्हतं. भिकाऱ्याला नाणं टाकून पुढं जावं, तेवढंच तिनं केलं होतं. बापाचं खुजेपण पोरीला कळू नये म्हणून सवितानं सात वर्षं जिवाचं रान केलं होतं, आणि पोरीनं ते केव्हाच मोजून बाजूला ठेवलं होतं. सविताला आपली लाज वाटली आणि मुलीचा अभिमान वाटला.

"राहू द्या," ती म्हणाली.

"इथं मुलीची सही," बाईंनी कागद पुढं केला.

मित्रानं दोरीची बॅग दोन पायांत धरली, पेन घेतलं आणि सही केली. अक्षरं साधी, एकाला एक लागून. खाली टिंबं दिली नाहीत.